घरातील हवेचे यंत्र

मुलांनो, समजा ईदची सकाळ आहे. नवे कपडे घालून, अत्तर लावून तुम्ही अब्बांबरोबर ईदगाहला निघाला आहात. अब्बा मोटरसायकल बाहेर काढतात आणि पाहतात तर काय, मागचे चाक बसलेले! मोहोळ हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. येथे पंक्चरच्या दुकानांना तोटा नाही. पण आज जवळच्या दुकानाला कुलूप आहे. दुकानवाले चाचाही नमाजालाच गेले आहेत! अशा वेळी घरात हवा भरण्याचे लहान यंत्र असले, तर काम अडत नाही. या यंत्राला कॉम्प्रेसर म्हणतात.

कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबणारे यंत्र. तुमच्या सायकलचा पंप आठवा. दांडा खाली दाबला की आतला दट्ट्या हवा दाबतो आणि ती नळीतून चाकात जाते. पाच-पन्नास वेळा पंप मारून त्याच्या खालच्या भागाला हात लावा. तो गरम लागेल, कारण हवा दाबली की ती तापते. कॉम्प्रेसरमध्ये हेच काम विजेची मोटर करते. म्हणून लहान यंत्र सलग फार वेळ चालवू नये. मधूनमधून त्याला थंड होऊ द्यावे.

आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे साडेचौदा पौंड असतो. चाकाला लावलेला काटा २९ दाखवतो, तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा २९ पौंड जास्त, म्हणजे एकूण तिप्पट असतो. एका भांड्यात तीन भांडी हवा कोंबावी, तसे हे आहे.

बेलफास्ट शहरातील डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याची किर्लोस्कर न्युमॅटिक ही कंपनी १९५८ सालापासून आहे. तिचे कॉम्प्रेसर मोठमोठ्या कारखान्यांत चालतात. घरगुती यंत्र मात्र हातात मावेल एवढे असते. ते गाडीच्या बॅटरीवर चालते. काही यंत्रांत आपण आकडा ठरवून दिला, की तेवढी हवा भरताच ते आपोआप थांबते.

या यंत्राचा खरा फायदा ईदच्या सकाळपुरता नाही. पुष्कळ लोक अंगठ्याने टायर दाबून 'हवा ठीक आहे' असे म्हणतात. अंगठ्याला २० आणि २९ यांतला फरक कळत नाही. हवा कमी असलेला टायर रस्त्यावर जास्त चेपतो, पुन्हा पुन्हा वाकतो आणि त्यामुळे तापतो. त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा! पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहूनही तापते. अशा रस्त्यावर, मागे-पुढे मालाचे ट्रक धावत असताना टायर फुटला, तर गाडी सावरणे कठीण असते. दाब मोजावा तो सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी. उन्हातून आलेल्या गरम टायरचा काटा जास्त आकडा दाखवतो आणि आपण फसतो.

चाकात खिळा घुसला असेल, तर तो हे यंत्र काढू शकत नाही. त्यासाठी चाचांकडेच जावे लागते. हवा हळूहळू जात असेल, तर यंत्राने भरून निदान त्यांच्या दुकानापर्यंत सावकाश पोहोचता येते. यंत्र दीड-दोन हजार रुपयांपासून मिळते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून घेतले तरी चालेल.

टाकीचा कॉम्प्रेसर असेल, तर त्याने शिलाई मशीनमधील धूळ आणि सुताचे तंतू उडवता येतात. पण आधी मशीन बंद करा आणि डोळ्यांना चष्मा लावा. टाकीत हवेतले पाणी साचते. काम झाल्यावर दाब कमी करून तळाच्या तोटीतून ते काढून टाकावे, नाहीतर टाकी आतून गंजते आणि पुढे फुटू शकते.

हवेची नळी थट्टेनेही कोणाच्या अंगावर धरू नका. कारखान्यांतून आणि गॅरेजमधून अशा थट्टेने पोटात हवा शिरून, आतडी फाटून माणसे दगावली आहेत.

आता घरी गेल्यावर अब्बांच्या गाडीवर किंवा तिच्या पुस्तिकेत चाकांच्या हवेचे आकडे कोठे लिहिले आहेत, ते शोधा. पुढच्या आणि मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात. मागे माणूस बसणार असेल, तर मागच्या चाकाचा आकडा आणखी वाढतो. तो का वाढतो, हे त्यांनाच विचारा.