संकट एक, स्वभाव अनेक

साथ आली की एकाच घरातली माणसेही वेगवेगळी वागतात. एक जण पुन:पुन्हा हात धुतो, दुसरा ‘मला काही होत नाही’ म्हणत बाजारात फिरतो, तिसरी शेजारच्या आजारी म्हातारीला पेज नेऊन देते. या फरकाचे एक कारण स्वभावात सापडते.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लाखो लोक शहर सोडून गेले, तर काहींनी आपले रुग्ण घरात लपवले. डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वत:ला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगला बळी पडल्या; १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच होता, पण वागण्याच्या तऱ्हा किती!

मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. प्रत्येक पैलू थोड्याफार प्रमाणात आपल्या सर्वांत असतो.

१. कर्तव्यदक्षता : असा माणूस नियम पाळतो, औषध वेळेवर घेतो. मात्र इतरांच्या चुका मोजत बसण्याचा मोह त्याला होतो.

२. मनमिळाऊपणा : दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून हा जपतो. पण आलेल्या पाहुण्याला ‘आज नको’ म्हणणे त्याला जड जाते.

३. माणसांची ओढ : याला एकांत सोसत नाही. त्याला फोनवरून विचारपूस करण्याचे काम द्यावे. त्याचेही भले, इतरांचेही.

४. चिंताशीलता : हा धोका लवकर ओळखतो, पण सतत बातम्या ऐकून त्याची झोप उडते.

५. नव्याची आवड : नवी माहिती हा चटकन स्वीकारतो. मात्र प्रत्येक नवा उपाय खरा नसतो, हे त्याने ध्यानात ठेवावे.

२०२० साली कोरोनाची साथ पसरल्यावर अनेक देशांत यावर अभ्यास झाले. कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ माणसे खबरदारी अधिक घेतात, असे त्यांतील बऱ्याच अभ्यासांत आढळले. पण हा फरक माफकच होता. म्हणजे स्वभाव हे सर्व गोष्टींचे उत्तर नव्हे. एका खोलीत सहा जण राहणारे अंतर कसे राखणार? रोजंदारीवर जगणारा घरी कसा बसणार? प्लेगच्या काळात रुग्ण लपवणाऱ्यांना इस्पितळाची आणि ताटातुटीची भीती होती. त्यांना नुसते ‘हट्टी’ म्हणून भागणार नाही.

म्हणून शेजाऱ्यावर शिक्का मारण्याआधी त्याची अडचण विचारावी. घाबरलेल्याला धीर व खरी माहिती हवी असते, बेफिकिराला त्याच्या विश्वासातल्या माणसाचा शब्द हवा असतो, आणि गरिबाला उपदेशाआधी शिधा हवा असतो. स्वभाव ही आपली सुरुवातीची ओढ आहे. पुढचे पाऊल आपण निवडू शकतो. चिंता करणाराही सेवा करू शकतो आणि बेफिकीरही शिस्त शिकू शकतो.

घरी चर्चेसाठी :
• संकटात माझी पहिली ओढ कोणती असते?
• माझ्या स्वभावाचा घरच्यांना कधी आधार होतो, कधी त्रास?
• पुढच्या साथीत आमच्या आळीत कोणाची विचारपूस कोण करील?