बंदिश बांधू लागलेल्या भाचीस : मुत्तुस्वामी दीक्षितरांविषयी



मुत्तुस्वामी दीक्षितर हे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींतले वयाने सर्वांत धाकटे. श्यामशास्त्रींचा जन्म १७६२ चा, त्यागराजांचा १७६७ चा आणि दीक्षितरांचा १७७५ चा. तिघेही कावेरीच्या खोऱ्यातल्या तिरुवारूर या एकाच गावी जन्मले. त्यागराजांनी मुख्यतः तेलुगूत, रामापुढे मन मोकळे करत रचना केली. दीक्षितरांनी जवळजवळ सगळे संस्कृतात बांधले आणि स्वतःच्या सुखदुःखाला त्यात फारसा शिरकाव दिला नाही. त्यामुळे प्रथम ऐकताना ते अवघड आणि अलिप्त वाटतात. तरीही ख्याल शिकणाऱ्या आणि स्वतः बंदिश बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तिघांपैकी आधी त्यांच्याकडे वळावे. राग, शब्द आणि ताल एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्यांच्या कृतींत सर्वांत स्वच्छ दिसते.

त्यांचे वडील रामस्वामी दीक्षितर स्वतः रचनाकार होते. हंसध्वनी रागाचे जनकत्व परंपरा त्यांनाच देते. घरात शिक्षण चाले ते ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ लिहिणाऱ्या व्यंकटमखींच्या परंपरेतले. पुढे मद्रासजवळच्या मणली गावच्या मुदलियार घराण्याने या कुटुंबाला आश्रय दिला. तिथून चिदंबरनाथ योगी नावाचे सत्पुरुष तरुण मुत्तुस्वामींना काशीला घेऊन गेले. काशीत त्यांनी काही वर्षे काढली. वेदान्त आणि श्रीविद्येची उपासना तिथे झाली, उत्तरेकडचे गाणेही कानावर पडले.

रचनाकार म्हणून त्यांचा आरंभ मात्र काशीहून परतल्यावर झाला. तिरुत्तणीच्या मुरुगन मंदिरात त्यांनी पहिली कृती केली असे परंपरा सांगते, आणि तिचा राग आहे मायामालवगौळ. दक्षिणेत लहान मुलांना सरळीचे पहिले धडे याच रागात देतात. स्वर आपल्या भैरवचे. इतके शिकून आलेल्या माणसाने सुरुवात बाळबोध धड्यांच्या रागापासून करावी, यात फार मोठे शहाणपण आहे. अनवट रागात पहिली बंदिश बांधण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो, कारण अनवट रागात उणेपण झाकले जाते. भैरवात ते झाकत नाही. ‘गुरुगुह’ ही नाममुद्राही त्यांनी या पहिल्या कृतीपासूनच धारण केली.

बाहेरचे घेण्याच्या त्यांच्या दोन रीती नीट पाहण्याजोग्या आहेत. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या बँडवर वाजणाऱ्या इंग्रजी, आयरिश चाली त्यांनी ऐकल्या आणि त्यांतल्या सुमारे चाळीस चालींवर संस्कृत शब्द बसवले. ही ‘नोट्टुस्वर’ पदे. सगळी शंकराभरणात, म्हणजे बिलावलच्या स्वरांत. एक तर थेट इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. पदे गोड आहेत, मुलांना शिकवायला उत्तम आहेत, पण चाल परकी ती परकीच राहिली. उत्तरेच्या रागांशी त्यांनी वेगळा व्यवहार केला. ‘जंबूपते’ ही यमुनाकल्याणीतली कृती त्रिचीजवळच्या तिरुवानैकावलच्या शिवलिंगावर आहे. पंचमहाभूतांच्या पाच क्षेत्रांतले हे जलतत्त्वाचे. तिच्यात आपला यमन ओळखू येतो, ध्रुपदाची संथ चाल जाणवते, आणि तरीही तिचा प्रत्येक गमक कर्नाटक अंगाचा आहे. जयजयवंतीचा द्विजावंती झाला तोही असाच. पहिल्या रीतीत त्यांनी चाल उचलली, दुसरीत राग पचवला. थोर म्हणावे ते काम या दुसऱ्या रीतीचे आहे.

आता बांधणीकडे. दीक्षितरांची लय विलंबित, मींडेला भरपूर जागा देणारी. शेवटी मध्यमकालातले साहित्य येते, म्हणजे त्याच तालात शब्द दुप्पट गतीने धावतात आणि साठलेला ताण मोकळा होतो. अनेक कृतींत रागाचे नाव शब्दांच्या पोटात असे गुंफलेले असते की अर्थही बिघडत नाही आणि नावही ऐकू येते. आनंदभैरवीतल्या ‘त्यागराज योग वैभवम्’ या कृतीत (हा त्यागराज म्हणजे तिरुवारूरचा देव, त्या नावाचे रचनाकार नव्हेत) एकाच सामासिक पदाची सुरुवातीची अक्षरे क्रमाने गळत जातात आणि उरलेल्या प्रत्येक तुकड्याला अर्थ राहतो. याला गोपुच्छ यती म्हणतात. केवळ शब्दचमत्कार म्हणून ही गोष्ट बाजूला टाकू नये: पद जसे आखूड होते तसा स्वराचा पल्लाही आवरत येतो. शब्द आणि स्वर वेगवेगळे रचून मागाहून जोडणाऱ्याला हे साधणार नाही.

विषयाची मांडणीही ते मालिकेने करत. वारांच्या सात ग्रहांवरच्या सात कृती सात सूळादी तालांत आहेत. तिरुवारूरच्या कमलांबा देवीवरच्या नवावरण कृतींत श्रीचक्राची एकेक आवरणे ओलांडत जाण्याचा क्रम आहे. एका विषयाशी इतका काळ राहण्याची तयारी असली की रचना वरवरची होत नाही.

शिष्यांमध्ये पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू प्रसिद्ध. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारात हेच चौघे होते, आणि भरतनाट्यमच्या आजच्या मार्गमची, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाची, घडण त्यांनी केली. दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात रुजवले. १८३५ साली दिवाळीच्या दिवशी एट्टयपुरम येथे दीक्षितरांचे निधन झाले. त्यांच्या कृती टिकल्या त्या मुख्यतः बालुस्वामींचे दत्तकपुत्र सुब्बराम दीक्षितर यांच्या ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’मुळे. १९०४ साली छापलेल्या या ग्रंथात दोनशेहून अधिक कृती गमकांच्या खुणांसह लिपिबद्ध आहेत.

यातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, आणि त्यांच्यामुळे हंसध्वनी ख्यालात स्थिरावला. दीक्षितरांच्या त्याच रागातल्या ‘वातापि गणपतिम्’ या कृतीची छाया त्यांच्या हंसध्वनीतल्या ‘लागी लगन’वर स्पष्ट आहे. तरी ती बंदिश सर्वस्वी ख्यालाची आहे. दीक्षितरांनी यमनाशी जे केले तेच इथे उलट दिशेने झाले.

सुब्बराम दीक्षितरांचे पुत्र अंबी दीक्षितर यांच्याकडे डी. के. पट्टम्माळ या कृती शिकल्या. पट्टम्माळांच्या गाण्यात शब्द कुठेही मोडत नाही आणि लय कुठेही घाई करत नाही. पुढची बंदिश लिहायला घेण्याआधी त्यांच्या आवाजात दीक्षितरांची एक कृती हातावर ताल धरून पाठ होईपर्यंत ऐकावी, आणि मग भैरवातच काही बांधून दाखवावे.