गडावरचा एक मुक्काम : नवख्यांच्या पदभ्रमणाची आखणी

आपल्या डॉक्टर मंडळींत अलीकडे पदभ्रमणाची आवड वाढीस लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. बेळगावच्या आसपास त्यासाठी जागांची उणीव नाही. तथापि दिवसाची सहल आणि रानातला मुक्काम यांत मोठे अंतर आहे. मुक्कामात अंधार, थंडी आणि मदतीपासूनचा दुरावा यांची भर पडते. मंडळी नवखी असतील तर सारा भार आखणीवर येतो. अशा आखणीचे काही नियम येथे देत आहे. त्यांतला पहिला मला माझ्याच चुकीने शिकवला, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

डिसेंबर २०१६ मध्ये आम्ही चौदा जण चंदगड तालुक्यातील पारगडावर मुक्कामास गेलो. सहा डॉक्टर, बाकीचे कुटुंबीय, त्यांत चार मुले. हा किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये बांधला आणि तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे किल्लेदारी दिली, असे परंपरा सांगते. गडावर वस्ती आहे, भवानीचे मंदिर आहे. त्यामुळे नवख्यांना तो सोयीचा. वाहने बरीच अलीकडे ठेवून सुमारे ८ किलोमीटर चालायचे आणि चढउतार धरून ३०० मीटर चढायचे, असा बेत होता.

वेळेच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब प्रसिद्ध आहे : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार आम्हाला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागायला हवा होता. साडेदहाला निघायचे आणि एक वाजता गडावर जेवायचे, असे मी ठरवले. हा हिशेब सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे, याचा मला विसर पडला. अडीच वाजले तेव्हा आम्ही गडाच्या पायऱ्यांशी होतो आणि शिदोरी अद्याप बांधलेलीच होती.

तेथे आमचे एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक मित्र खाली बसले. गार वारा असूनही त्यांना घाम फुटला होता. ते कारण नसताना चिडू लागले. मी ते थकव्यावर ढकलले. माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, काका सारखं तेच तेच विचारताहेत.” तेव्हा माझे डोळे उघडले. त्यांना मधुमेह होता. सकाळी त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि त्यानंतर पोटात पुरेसे काही गेलेच नव्हते. सहा डॉक्टरांच्या सामानात एकही ग्लुकोमीटर नव्हता. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले. पंधरा मिनिटांत ते सावरले. मग जेवू घातले. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने रात्रभर दर तीन तासांनी त्यांना उठवून पाहिले. सकाळी चहा घेताना ते म्हणाले, “तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.”

बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक आईला मी पूर्वेतिहास विचारतो. सहव्यवसायींना विचारणे मात्र मला संकोचाचे वाटले. तेव्हापासून पहिला नियम असा : निघण्यापूर्वी आठ दिवस प्रत्येकाकडून आजार, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि यापूर्वी सलग किती चाललो याची माहिती लेखी घ्यावी. आयोजकाने आपली आधी द्यावी. माझ्या कागदावर रक्तदाबाची गोळी लिहिलेली असते. ती वाचून इतरांचा संकोच मावळतो. मधुमेहींनी औषधाच्या मात्रेविषयी आपल्या चिकित्सकाशी आधीच बोलावे.

दुसरा नियम वेळेचा. नेस्मिथचा हिशेब नवख्यांसाठी दुप्पट करावा. सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढे ठेवावे, अनुभवी व्यक्तीने शेवटी चालावे. दर तासाला थांबून सर्वांनी काहीतरी खावे. जेवण मुक्कामावर अवलंबून ठेवू नये. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तंबू साडेचारपर्यंत उभे राहावेत. अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाण न आल्यास परतायचे, हे घरूनच ठरवावे.

तिसरा ओझ्याचा. मुलाच्या पाठीवर वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक ओझे नको; तीस किलोच्या मुलाला तीन किलो पुष्कळ झाले. चालताना ताशी अर्धा लिटर पाणी धरावे, उन्हात अधिक. वाटेतले पाणी खळखळून उकळून घ्यावे. मुले मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. त्यांचे ओले मोजे आधी बदलावेत आणि अंगाखाली जाड चटई घालावी, कारण ऊब जमीन अधिक ओढून घेते.

चौथा जागेचा. गडावर ग्रामस्थांची, वनक्षेत्रात वनखात्याची परवानगी घ्यावी. या भागात गवे आणि हत्ती वावरतात. त्यांच्या वाटा गावकऱ्यांना विचाराव्यात. स्वयंपाकाला शेगडी न्यावी. पोळी असलेल्या कड्याजवळ धूर आणि अत्तर दोन्ही टाळावे. शौचाची जागा पाण्यापासून ६० मीटर दूर, आडोशाची असावी. ती पोहोचताच ठरवली नाही तर स्त्रिया पाणी पिणेच टाळतात.

पाचवा औषधपेटीचा. ग्लुकोमीटर, साखर, जलसंजीवनी आणि अ‍ॅड्रिनॅलिन हवेच. मधमाशीच्या दंशाने अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्यास १:१००० अ‍ॅड्रिनॅलिन दर किलोस ०.०१ मिलि मांडीच्या बाहेरील स्नायूत द्यावे. मुलांना कमाल ०.३, प्रौढांना ०.५ मिलि. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दंश जाणवतही नाही, म्हणून तंबूची चेन बंद ठेवावी. सर्पदंशात अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. आवळपट्टी नको, चिरा नको. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांवर चालते, घाटातल्या चापड्यावर नाही. मुलांना त्याची मात्रा वजनानुसार कमी करायची नसते. सकाळी बूट झटकून घालावेत. विंचूदंशात प्राझोसिनचे महत्त्व महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. ते पेटीत असावे. निघण्यापूर्वी चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे का, हे दूरध्वनीने विचारावे आणि वाटेत मोबाइलला संपर्क कोठे मिळतो तेही टिपून ठेवावे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पारगडावर गेलो. ते ज्येष्ठ मित्रही आले. सर्वांत आधी माहितीचा कागद त्यांचाच आला, आणि या खेपेस ते सर्वांच्या पुढे, आपल्या गतीने चालले. दर तासाला शिदोरी सोडण्याची आठवण तेच करून देत होते. यंदाच्या थंडीत आपल्यापैकी कोणी असा बेत आखणार असेल, तर तंबूंची चौकशी करण्याआधी हा कागद सर्वांकडे पाठवावा, एवढीच विनंती.