चढावर ती पुढे

चि. सोनू,


काल ताईचा फोन आला. तू आणि तुझी मैत्रीण मे महिन्यात इटलीत सायकलवर फिरणार, हे ऐकून मला फार आनंद झाला. व्हेरोनाहून असिसीपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटर. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण याच वाटेने गेलो होतो. ताई म्हणाली, "तिला सामानाचं काय ते सांग." तेही सांगते, पण आधी तुमच्या दोघींबद्दल बोलायचं आहे.

तू दर आठवड्याला घाट चढणारी. ती कॉलेजनंतर आता कुठे पुन्हा सायकलवर बसली आहे. पुण्यात हा फरक जाणवत नाही, कारण रविवारी चार तास फिरून तुम्ही आपापल्या घरी जाता. तिकडे सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत दोघीच असाल. म्हणून मुक्काम तिच्या ताकदीच्या हिशेबाने ठरवा. सपाटीला दिवसाला साठ किलोमीटर, डोंगरात त्याहून बरंच कमी. तुझे पाय शिवशिवले तर संध्याकाळी सामान उतरवून एकटी चक्कर मारून ये. तिलाही तेवढा वेळ तिचा एकटीचा मिळेल, आणि तो मिळायलाच हवा.

पहिला टप्पा सपाट आहे. व्हेरोनाहून आधी पेस्किएरा गाठा. तिथून मांतोवापर्यंत मिंचो नदीच्या कडेने चाळीसेक किलोमीटरची सायकलवाट जाते. त्यानंतर पो नदीचे बांध लागतात. फेर्रारा परगण्यात उजव्या काठच्या बांधावरून थेट समुद्राच्या दिशेने सुमारे १२० किलोमीटरची वाट आहे. तुम्हाला त्यातला फेर्रारापर्यंतचाच तुकडा लागेल. बांध शेतांपेक्षा उंच, वर झाड नाही की भिंत नाही. समोरून वारा सुटला की सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. तिथे तू पुढे राहा आणि तिला तुझ्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला घे. मागचीचे कष्ट खूप वाचतात. पण अंतर वाढलं की आडोसा संपतो, तेव्हा वेग तिच्या श्वासावर ठरव. ती बोलत असेल तर ठीक चाललंय. गप्प झाली की गिअर उतरव.

मग डोंगर. बान्यो दि रोमान्या हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव सुमारे ४९० मीटरवर आहे, आणि वरची मांद्रिओली खिंड ११७३ मीटरवर. खाली गावात दोन रात्री राहा, एक पूर्ण दिवस गरम पाण्यात घालवा, आणि तिसऱ्या दिवशी लवकर निघा. रस्ता वळणावळणाने चढतो. कडेला खडकाचे एकावर एक रचलेले थर उघडे पडलेले दिसतात, आणि वर बीचचं दाट रान सुरू होतं. या चढावर तिला पुढे ठेव. ताकदीचा माणूस पुढे गेला की काय होतं, ते मी अनेक जोड्यांत पाहिलं आहे. तो वळणावर जाऊन थांबतो, पाणी पितो, दम घेतो. मागचा धापा टाकत पोहोचतो तेव्हा पुढच्याची विश्रांती झालेली असते, आणि "चल, निघू या" म्हणून तो पेडल मारायला लागतो. ज्याला विसाव्याची खरी गरज, त्याला तो मिळतच नाही, आणि आपण मात्र त्याच्यासाठी थांबलो असं पुढच्याला वाटत राहतं. ती पुढे असली की कुठे थांबायचं आणि कधी निघायचं हे ती ठरवेल. हळू चालवणं तुला जड जाईल. तिचं ओझं तुझ्या पिशव्यांत घे, म्हणजे वेग आपोआप जुळेल. मात्र चढाच्या पायथ्याशी घेऊ नकोस, आदल्या रात्रीच, सामान बांधताना, दोघींच्या विचाराने वाटून घ्या.

उतारावर पुन्हा तू पुढे, आणि दोघींमध्ये भरपूर अंतर. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तिकडच्या भाड्याच्या सायकलींना बहुधा डाव्या हाताला. घाबरून सवयीने डावा करकचून दाबलास तर पुढचं चाक अडेल आणि तू हँडलवरून जाशील. दुकानातच चाक उचलून बघा, कोणता ब्रेक कुठला ते खात्री करून घ्या, हवं तर बदलून मागा. तिथली वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे चौकातल्या वर्तुळाकार रस्त्यावर शिरताना आधी डावीकडे बघायचं. गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यात चकाकणारं जाकीट कायद्याने सक्तीचं आहे. दोघींची दोन घ्या, हाताशी ठेवा.

तू शाकाहारी आहेस, तेव्हा रोमान्यात पियादिना मागताना विचार. ही तव्यावरची पोळी पारंपरिक रीतीने डुकराच्या चरबीत मळतात, तेलातली वेगळी मागावी लागते. मांतोवा आणि फेर्रारात लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, तो पोटभर खा. दुपारी लहान गावांतली दुकानं बंद होतात. दुपारचं खाणं सकाळीच पिशवीत असू दे. पैशाचं म्हणशील तर एकच बटवा करा, दोघींनी सारखे पैसे टाका आणि जेवण, मुक्काम, पंक्चर सगळं त्यातून भागवा. दर संध्याकाळी हिशेब मांडत बसलं की मन कोतं होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. फेर्राराहून राव्हेन्नाला जाताना आल्फोन्सीने गाव लागतं, सेन्यो नदीच्या काठी. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, याच नदीवर नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या शिपायाने दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, आणि पुन्हा परत जाऊन मशीनगनची ठाणी उडवली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गावात सेन्योच्या लढाईचं संग्रहालय आहे, ते बघा. मग बांधावर चढून दोन्ही काठ किती उभे आहेत ते नीट न्याहाळा. एकट्याने निसटणंही कठीण असताना जाधवांनी एकेकाला उचलून ती उभी चढण पार केली. पुढे फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि दहन झालेल्यांचं स्मारकही.

डोंगर ओलांडून टायबरच्या वरच्या खोऱ्यात उतरलात की सान्सेपोल्क्रोच्या पुढे मोन्तोने हे टेकडीवरचं गाव आहे. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातले, वय अवघं बावीस. तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. ठाणं घेतलं, आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. त्यांची कबर नाही, कासीनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ साली मोन्तोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आम्ही त्या रस्त्याने गेलो तेव्हा ते नव्हतं. गावचा चढ खडा आहे. तिथे उतरून सायकली ढकलल्यात तरी चालेल, पण खालून निघून जाऊ नका. कोकणातल्या मुलाचं नाव इतक्या दूरच्या गावाने आपलं मानून जपलं आहे. आपल्याकडून तिथे कुणीतरी गेलंच पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

असिसी तिथून जवळच. जर्मनांचा ताबा असताना जीनो बार्ताली हा नावाजलेला सायकलपटू फ्लोरेन्स ते असिसी सराव करतोय असं भासवून सायकलच्या नळीत खोटी ओळखपत्रं दडवून नेत असे. त्यातून अनेक ज्यूंचे जीव वाचले. तिथे पोहोचल्यावर एक दिवस सायकलींना हात लावू नका.

तिकिटं काढण्याआधी दोघी एकदा माझ्याकडे जेवायला या. माझे जुने नकाशे आहेत, त्यावर मुक्काम बसून ठरवू. आणि हे पत्र तिलाही वाचायला दे. चढावर कोण पुढे, हे तिच्या परस्पर ठरवू नकोस.

तुझी,
मावशी