हप्त्याच्या नावाने येणारी फसवी फाईल : ओळख, प्रतिबंध व उपाय

बियाणे विकत घेताना पिशवीवरील लेबल व मोहोर तपासल्यावाचून ती घरी आणू नये, हा सल्ला शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. मोबाईलवर येणाऱ्या फाईलींबाबतही तीच दक्षता घेणे आता अगत्याचे झाले आहे. शासकीय योजनेच्या नावाने येणाऱ्या एका फसव्या फाईलीची माहिती या पाठात दिली आहे.

फसवणुकीचे स्वरूप

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना २०१९ साली सुरू झाली. तीत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. त्यासाठी ई-केवायसी करणे आवश्यक असते. लबाड लोक नेमका याच खऱ्या गोष्टीचा आधार घेतात. ई-केवायसी अपूर्ण असल्याने हप्ता बंद होईल, तरी सोबतचे ॲप त्वरित घ्यावे, अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. सोबतच्या फाईलीस योजनेचे नाव असते व नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात.

ही फाईल उघडून ॲप बसविले, की ते फोनमधील संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली म्हणजे बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो. ॲपमधील खोट्या अर्जात आधार क्रमांक, खाते क्रमांक व पिन भरला गेल्यास चोराचे काम पुरे होते. पुष्कळदा त्याच फोनवरून ही फाईल ओळखीच्या लोकांस व गावच्या ग्रुपवर आपोआप पाठविली जाते. म्हणून संदेश भावकीतील माणसाच्या क्रमांकावरून आला, एवढ्यावरून तो खरा मानू नये.

प्रतिबंधक उपाय

१. संदेशातून आलेली एपीके फाईल कोणीही पाठविली असली तरी उघडू नये. ॲप हवे असल्यास प्ले स्टोअरवरूनच घ्यावे व ते कोणी प्रसिद्ध केले आहे हे पाहावे.

२. ई-केवायसी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर, अधिकृत ॲपवर किंवा सामायिक सुविधा केंद्रात जाऊन करावी.

३. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो पैसे देण्यासाठी लागतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

४. घाई करावयास लावणारा संदेश आल्यास प्रथम थांबावे व गावच्या कार्यकर्त्यास प्रत्यक्ष भेटून विचारावे.

फाईल उघडली गेल्यास

फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करून सिमकार्ड काढावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खात्यावरील व्यवहार थांबवावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने हलविली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती वाटेत गोठविता येते. म्हणून लाजेपोटी वा घरच्यांच्या भीतीपोटी रात्रभर गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान होय. व्यवहाराची वेळ, रक्कम व व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा. जाणकाराकडून फोन पूर्णपणे पुसून घेतल्यावाचून त्यावर पुन्हा बँकेचे काम करू नये. आपल्या क्रमांकावरून फाईल गेली असल्यास ग्रुपवरील सर्वांस दुसऱ्या फोनवरून सावध करावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

या बाबतीत आपली जबाबदारी विशेष आहे. योजनेची माहिती लवकर पोहोचावी या सद्हेतूने आपणच फाईली व दुवे ग्रुपवर पुढे पाठवीत राहिलो, तर शेतकऱ्यास तशीच सवय जडते; मग खरी फाईल कोणती व खोटी कोणती हे त्याने ओळखावे तरी कसे? यास्तव योजनेच्या सूचना साध्या शब्दांत लिहून द्याव्यात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात व ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. "आम्ही आपणांस फोनवर ॲपची फाईल कधीही पाठविणार नाही," असे एकदा सर्वांसमक्ष सांगावे व ते काटेकोरपणे पाळावे. असे झाल्यास आपल्या नावाने आलेली फाईलही खोटीच आहे, हे गावातील वृद्ध शेतकऱ्यासदेखील सहज कळून येईल.