पितृपंधरवड्यातले वटवटे

भाद्रपद उतरणीला लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर पर्णवटवटे, म्हणजे हिवाळ्यासाठी येणारे चिमुकले पक्षी, पोचू लागतात. बरीच वर्षं त्यांच्या मागे हिंडून जे हाती लागलं, ते नव्याने दुर्बीण घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. आधी कान, मग दुर्बीण. नुसत्या डोळ्यांनी शोधायला गेलं तर निम्मी सकाळ हलणारी पानं बघण्यात जाते. हिरवट पर्णवटवट्याचं 'चि-विस्' असं दोन तुकड्यांचं टोकदार बोलणं कानात बसलं, की गिरिपुष्पाच्या गर्दीत तो कुठे आहे हे दिसण्याआधीच कळतं. खाली घाणेरीच्या जाळीतून कोरडं 'चक्... चक्' येत असेल तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. गिल्बर्ट व्हाइट या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७६८ मध्ये जवळजवळ सारखे दिसणारे तीन पर्णवटवटे वेगळे ओळखले, तेही त्यांच्या आवाजांवरून.

२. उन्हाच्या मागे जा. हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि उजाडताना भुकेले असतात. पूर्व उतारावरच्या झाडांच्या शेंड्यांना पहिलं ऊन लागतं, किडे हलू लागतात आणि वटवटे तिथेच जमतात. ऊन पाठीवर घेऊन उभं राहावं.

३. रंगापेक्षा वागणं बघा. सगळेच मळकट हिरवे किंवा भुरे. पण दगडांवरून, बुंध्यांवरून सरपटल्यासारखा किडे टिपत फिरणारा दिसला, तर तो गंधकी पोटाचा पर्णवटवट्या असण्याची दाट शक्यता. जुन्या खाणीच्या कडेला तो शोधावा.

४. एकच झाड पुन्हा पुन्हा बघा. माझ्या मते या छंदातलं खरं सुख इथे आहे. हिरवट पर्णवटवट्या हिवाळ्यातही आपली हद्द राखतो. पक्षीअभ्यासक ट्रेव्हर प्राइस यांनी दक्षिण भारतात याचा अभ्यास करून १९८१ मध्ये तो प्रसिद्ध केला. म्हणजे आपण ऐकतो ते 'चि-विस्' हे त्याचं मालकी सांगणं असतं. सप्टेंबरात टेकडीवर एवढा गलका असतो, कारण हद्दी अजून ठरायच्या असतात. दिवाळीपर्यंत वाद मिटतात. मग रोज त्याच शिरीषाखालून गेलं की रोज तोच आवाज. हा पक्षी जेमतेम आठ-नऊ ग्रॅमचा. त्याच्या जातीची वीण हिमालयापासून थेट युरोपच्या ईशान्य टोकापर्यंत पसरलेली, पण तिथे तो उन्हाळ्याचे मोजके महिने राहतो. आपल्याकडे तो मार्च-एप्रिलपर्यंत असतो. वर्षाचा मोठा भाग जिथे काढतो तिथे त्याला पाहुणा म्हणणं मला पटत नाही. टेकडीवरची झुडपं तोडून रस्ता काढायची गोष्ट निघते तेव्हा मी हेच सांगतो: इथे राहणारे आहेत.

५. मोबाइलवर वटवट्याचा आवाज वाजवू नका. हद्दीत दुसरा घुसला असं वाटून तो खाणं सोडतो आणि नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एवढा पल्ला मारून आलेल्या जिवाला एका फोटोसाठी हा त्रास देणं मला सहन होत नाही.

६. बाभळी विसरू नका. सासवड-सुप्याकडचे काटेरी माळ बघायला कुणी फारसं जात नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातच वाळूच्या रंगाच्या एका वटवट्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. आज तो साइक्सचा वटवट्या म्हणून ओळखला जातो आणि हिवाळ्यात अजूनही बाभळींत दिसतो. या माळांना लोक पडीक म्हणतात आणि वृक्षारोपणाला तेच निवडतात. अशा उत्साही मंडळींना मी सांगतो, खड्डे खणण्याआधी सप्टेंबरअखेरीस एक सकाळ माझ्याबरोबर या. बाभळीच्या शेंड्यात किडे टिपणारा तो त्यांना दिसला, की कुठे झाडं लावायची नाहीत यावर बोलणं सुरू करता येतं.