माडावर गर्दी, जांभळावर शुकशुकाट

प्रश्न : मालवणजवळ आमच्या परसात सातेरी मधमाश्यांची पेटी आहे. सकाळी माश्या माडाच्या पोयीवर झुंबड करतात. शेजारचं जांभूळ फुललंय, तिथे मोजक्याच दिसतात. दुपारी चित्र उलटं. राणी हुकूम देते का?

उत्तर : राणीचा इथे काडीचा संबंध नाही, ती अंडी घालण्यात गुंतलेली असते. ठरतं ते पोळ्यावर, अंधारात. भरपूर माल घेऊन आलेली माशी अंग थरथरवत नाचते. उभ्या रेषेशी तिचा जो कोन, तोच फुलांचा सूर्याशी. थरथर जितकी लांबते, तितकं अंतर जास्त. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. माल बेताचा असेल तर माशी नाचतच नाही. आणलेला मकरंद उतरवून घ्यायला घरातल्या माश्या वेळ लावू लागल्या, तरी नाच थंडावतो. म्हणजे बाजारभावच म्हणा!

माशी वास तर एक-दोन फेऱ्यांत शिकते. वेळही लक्षात ठेवते. ठरावीक वेळीच साखरपाणी मिळणाऱ्या माश्या नेमक्या त्याच वेळी हजर होतात, हे इंगेबोर्ग बेलिंग यांनी 1929 मध्ये दाखवलं. तुमची दुपारची पाळी त्यातलीच असावी.

एकदा पेटीच्या दारात दहा मिनिटं बसा. परतणाऱ्या माशीच्या दोन्ही मागच्या पायांवरचे परागाचे गोळे पाहा. दोन्ही बहुतेकदा एकाच रंगाचे असतील, कारण एका फेरीत ती सहसा एकाच जातीची फुलं धुंडाळते.